साळवेसरांचं वाकडं नाक

आमच्या बिल्डिंगच्या गेटवर फ्लेक्स लागलाय. वर वामन साळवेचा फोटो, त्याच्या खाली 'भावपूर्ण आदरांजली', त्याच्या खाली 'साळवे सर स्मृती कराटे चषक', आणि कोपऱ्यात आगीच्या ज्वाळांमधून एक भलीमोठी मूठ बाहेर येतेय. ती मूठ कोणाची ते मला माहीत नाही. वामनची नाही एवढं नक्की. पण मुठीचंही सोडा, ज्वाळांचंही सोडा. त्यांनी वामनचं नाक सरळ केलंय.

मी सेक्रेटरी नलावड्यांना गेटवरच धरलं.

"हा कोण?"

"काका, साळवे सर! ओळखलं नाही?"

"नाक कुठंय त्याचं?"

"ते होय," नलावडे हसले. "फ्लेक्सवाल्याने जरा टचअप केलं. चांगले दिसतात ना?"

"चांगला दिसतोय. पण साळवे दिसत नाही. बँकेतला कोणतरी क्लार्क दिसतोय."

"काका, लोड घेऊ नका," म्हणाले आणि गाडीत बसून गेले.

लोड घेऊ नका! ज्या माणसाला तुम्ही जिवंतपणी हॉलच्या बाहेर काढलं, त्याला मेल्यावर गेटवर टांगता, वर त्याचं नाकही बदलता, आणि मी लोड घ्यायचा नाही. मी घेणार. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पुढचं सगळं साकीनाक्याच्या वर्कशॉपात लेथवर. तरी लिहायला बसलोय, कारण येणारा जाणारा प्रत्येक माणूस तो फ्लेक्स वाचतोय आणि खरा वामन कोणाला माहीतच नाही. ऱ्हस्व-दीर्घ माझी नात सायली बघणार आहे. मजकुराला हात लावलास तर बघ, असं तिला बजावलंय.

तर नाकापासूनच सुरू करतो.

वामनचं नाक मधोमध डावीकडे वळलेलं होतं. ते जन्मापासून तसं नव्हतं. आम्ही घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी शेजारी राहायला आलो तेव्हा त्याचं नाक तुमच्याआमच्यासारखंच होतं. पत्र्याच्या दोन खोल्या, मध्ये एक भिंत, ती पण पत्र्याची. त्याच्या घरात फोडणी पडली की माझ्या घरात ठसका. तो जालन्याकडचा, मी कोकणातला. तो महापालिकेच्या दवाखान्यात वॉर्डबॉय. संध्याकाळी ड्यूटीवरून आला की विहारासमोरच्या अंगणात वस्तीतल्या पोरापोरींना कराटे शिकवायचा. स्वतः कुठे शिकला ते त्याने मला धड कधी सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. सुरुवातीला मी त्याला चिडवायचो, "अरे, हे जपान्यांचं कशाला? लाठी शिकव की." तो म्हणायचा, "लाठी घरी विसरता येते, गणप्या. मूठ विसरता येत नाही. म्हणून तिलाच आधी शिकवावं लागतं."

त्याच्या क्लासची एक रीत होती. नवीन पोर आलं की पहिल्या दिवशी त्याला समोर उभं करायचा. म्हणायचा, "डोळे उघडे ठेव. हलू नको." आणि सणकन मूठ सोडायचा त्याच्या नाकावर. मूठ नाकापुढे बोटभर अंतरावर थांबायची. वारा लागायचा नाकाला, मूठ नाही. पोराची पापणी लवली की म्हणायचा, "परत." पुन्हा मूठ. पुन्हा लवली, पुन्हा परत. पोराचा विश्वास बसेपर्यंत.

इथपर्यंत सगळ्यांना आवडायचं. पुढचं बघून आया ओरडायच्या. कारण मग तो दोन्ही हात पाठीमागे बांधून स्वतः उभा राहायचा आणि पोराला सांगायचा, "आता तू मार. माझ्या नाकावर. जोरात मार आणि बोटभर अलीकडे थांब."

आता दहा-बारा वर्षांच्या पोराला कुठे थांबता येतंय? कोणी हातभर लांब थांबायचं, भीतीने. त्याला म्हणायचा, "ही भीती झाली, थांबणं नाही. परत." आणि एखादं जोरकस पोर असलं की नाकावर बसायचीच. रक्ताची धार लागायची. वामन खिशातून दवाखान्यातला कापूस काढायचा, नाकपुडीत कोंबायचा, हात पुन्हा पाठीमागे घ्यायचा आणि नाकातल्या आवाजात म्हणायचा, "परत."

त्याने ते नाक असं वाकडं झालं. एका फटक्यात नाही, पिढ्यानपिढ्यांच्या पोरांनी वाकवलेलं. आज जी माणसं इंजिनियर झाली, नर्सा झाल्या, रिक्षा चालवतात, त्यांच्या प्रत्येकाच्या मुठीचा त्या नाकात वाटा होता. आणि ते नाक फ्लेक्सवाल्याने माऊस फिरवून सरळ केलं.

'परत' हा त्याचा आवडता शब्द. 'शाब्बास' मी त्याच्या तोंडून ऐकलेलं नाही. पोरांनी कितीही चांगलं केलं तरी, "बरं होतं. परत." शालनवहिनी, म्हणजे त्याची बायको, एकदा माझ्या बायकोला म्हणाली, "भाकरी चांगली झाली असं आजवर म्हणाले नाहीत. ताट पुढे करतात आणि म्हणतात, परत. तेव्हा मला कळतं."

तो अंगणात पाऊल टाकायच्या आधी वाकायचा. पुढे बिल्डिंग झाली, अंगण गेलं, तळमजल्याचा हॉल मिळाला, तर हॉलच्या उंबऱ्याशी वाकायचा. मी विचारलं, "कोणाला नमस्कार करतोस? आत तर नुसता पंखा आहे." म्हणाला, "बाहेरचा वामन बाहेर ठेवतो. दवाखान्यात दिवसभर डॉक्टर बोललेले असतात, नर्स बोललेली असते. तो राग घेऊन आत गेलो तर पोरांच्या अंगावर निघेल."

क्लासच्या आधी सगळ्यांनी ओल्या फडक्याने फरशी पुसायची. पहिलं फडकं वामनच्या हातात. आमच्या शेजारच्या टॉवरमधली एक बाई एकदा तावातावाने आली. तिचा मुलगा नवीनच यायला लागला होता.

"सर, माझा मुलगा इथे कराटे शिकायला येतो की लादी पुसायला?"

वामन गुडघ्यावर होता. तसाच वर बघून म्हणाला, "ताई, लादी पुसायलाच येतो. ती जमली की कराटे शिकवतो."

"आमच्याकडे बाई आहे त्याच्यासाठी."

"मग बाईला पाठवा ना. तिला कराटे शिकवतो."

बाई फणकारत गेल्या. मुलगा मात्र राहिला. नंतर त्यांच्याकडे काम करणारी बाईसुद्धा खरंच आली, रविवारच्या बायकांच्या क्लासला. हे सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे, पण फ्लेक्सवर हे कोण लिहिणार?

आता मिलिंदचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय माझा राग तुम्हाला कळायचा नाही.

मिलिंद आमच्याच वस्तीतला. बाप लवकर गेला, आई पापड लाटायची. अंगाने भक्कम, हात विजेसारखा. वामनचा सगळ्यात चांगला विद्यार्थी. वामन तोंडाने बोलला नाही कधी, पण मिलिंद मूठ टाकायला लागला की वामन चहा प्यायचा थांबायचा. बशी हातातच राहायची.

कॉलेजात असताना ह्या मिलिंदने असल्फ्याच्या नाक्यावर एका पोराला मारलं. कारण काय, तर गाडीचा धक्का लागला. त्या पोराचा जबडा मोडला. मिलिंद वस्तीत आला तो छाती फुगवून, दोस्त खांद्यावर घ्यायचेच बाकी होते. "एका ठोशात झोपवला!" असं चाललेलं. वामन तेव्हा ड्यूटीवर होता. आणि तो पोरगा वामनच्याच दवाखान्यात आला.

वामन घरी आला, कपडे न बदलता मिलिंदच्या दारात गेला. मी मागोमाग, कारण मला वाटलं आज हा त्याला मारतोय. मारलं नाही. म्हणाला, "चल."

"कुठे सर?"

"चल म्हटलं ना."

दवाखान्यात नेलं. तो पोरगा स्ट्रेचरवर, एक्सरेला न्यायचा होता. तोंड सुजून भोपळा झालेलं, जबड्याला पट्टी. वामनने स्ट्रेचरचा दांडा मिलिंदच्या हातात दिला.

"मारलंस ना तू? मग ढकल."

"सर, मी..."

"मी रोज ढकलतो. इतकी वर्षं ढकलतोय. मारणारा कधी येत नाही इथे. तो नाक्यावर उभा राहून सांगत असतो, कसा झोपवला. झोपलेल्याला मी ढकलतो. आज जरा तू ढकल."

मिलिंदने ढकललं. पुढचा आठवडाभर वामनने त्याला तिथे नेऊन बसवलं, नळीने दूध पाजायला. त्या पोराची आई पहिल्या दिवशी मिलिंदच्या अंगावर धावून गेली, नंतर नंतर त्यालाच डबा धुवायला द्यायला लागली. शेवटच्या दिवशी मिलिंद आमच्या ओट्यावर बसून हमसून हमसून रडला, हे मी डोळ्यांनी बघितलंय. वामन बाजूला बसून चहा पीत होता. रडून झाल्यावर त्याला एवढंच म्हणाला, "उद्या क्लासला ये. पहिल्या दिवसापासून. नाक माझं तयार आहे."

मिलिंद आला. पुन्हा फरशीपासून शिकला. हे मला आठवतं म्हणून तर अंगाची आग होते.

मग वस्ती गेली, बिल्डिंगी आल्या, आम्ही माणसं लिफ्टने वरखाली करायला लागलो. वामन निवृत्त झाला. त्याच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. डॉक्टरांनी नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. चहाचा कप धरला की बशी वाजायची. तरी संध्याकाळी हॉलच्या उंबऱ्याशी वाकायचा आणि आत जायचा. क्लासमध्ये हात कमी थरथरतो असं तो म्हणायचा. मला पटायचं नाही.

त्याच सुमारास मिलिंदने स्वतःची अकॅडमी काढली. नाव कसलंतरी वाघाचं. भिंतभर आरसे, रंगीत मॅट, डोक्याला हेल्मेट घातलेली पोरं एकमेकांना बदडतायत, आयाबाया काचेबाहेरून व्हिडिओ काढतायत. 'एका ठोशात लोळवा' अशी जाहिरात. म्हणजे नाक्यावरचं वाक्यच पुन्हा, फक्त आता छापून! त्याला आमचा हॉल हवा होता, संध्याकाळचाच. कमिटी तयार होती, आईबाप तयार होते. वामनच्या क्लासचं काय, हे विचारायला एक मीटिंग ठेवली, आणि ती त्याच हॉलमध्ये. चपला घालून सगळे आत, खुर्च्या टाकून. वामन एकटा बाहेर चपला काढून, वाकून आत आला.

नलावडे म्हणाले, "सर, तुम्हाला सकाळची वेळ देऊ."

"सकाळी पोरं शाळेत असतात," वामन म्हणाला. "हॉल कोणाला द्यायचा ते तुम्ही ठरवा. मी एवढंच म्हणतो, मिलिंद जे शिकवतोय ते ह्या हॉलमध्ये नको. पोरं उद्या नाक्यावर जातील."

मिलिंद उठला. गळ्यात शिट्टी, अंगात टीशर्ट, पाठीवर वाघ. म्हणाला, "सर, राग मानू नका, पण तुमचं कराटे म्हणजे नाटक आहे. समोरच्याला लागतच नाही. रस्त्यावर कोणी अंगावर आला तर पोरींनी काय करायचं, बोटभर अलीकडे थांबायचं?"

लोक हसले. प्रज्ञा नावाची वामनची विद्यार्थिनी, रिक्षावाल्या कदमांची मुलगी, मागे उभी होती. ती म्हणाली, "ज्याला बोटभर अलीकडे थांबता येतं ना दादा, त्याला बोटभर पुढेही जाता येतं." पण पोरीचं कोण ऐकतंय.

मिलिंद वामनच्या पुढ्यात आला. चेहरा पुढे केला. "मारा सर. दाखवा सगळ्यांना. लागू दे एकदा. दम असेल तर मारा ना!"

कोणीतरी मोबाईल वर केला. वामनच्या हातात चहाचा ग्लास होता, तो थरथरत होता, चहा पँटवर सांडला. त्याने ग्लास खाली ठेवला. त्याचं तोंड लाल झालेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. आणि त्याने मूठ सोडली.

असली मूठ! ह्या वयात! वारा माझ्यापर्यंत आला.

मूठ मिलिंदच्या नाकापुढे बोटभर अंतरावर थांबली.

मिलिंदची पापणी लवली नाही. लवेल कशी? कोणी शिकवलेली पापणी ती! मग मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, फाटली म्हाताऱ्याची!" आणि सगळे हसले. मिलिंद बघत होता एकटक. क्षणभर मला वाटलं, आता हा वाकेल. वाकला नाही. तोही हसला आणि लोकांकडे वळून म्हणाला, "बघितलंत?"

बाकीच्यांना मी माफ केलं असतं. त्यांना काय कळतंय, त्यांनी ठोसे फक्त टीव्हीवर बघितलेत. पण ह्याला कळत होतं. त्या अख्ख्या हॉलमध्ये ती मूठ थांबवायला काय लागतं हे ज्याला सगळ्यात जास्त कळत होतं, तो हसला.

व्हिडिओ बिल्डिंगच्या ग्रुपवर फिरला. 'थरथर कापणारे ब्लॅक बेल्ट' असं वर लिहून. लिफ्टमध्ये कार्टी हात थरथरवून दाखवायची. मी त्यांना काय बोललो ते इथे लिहीत नाही, सायली खोडेल. पण तो व्हिडिओ मी सायलीकडून थांबवून थांबवून बघितलाय. ग्लास धरलेला हात हलतोय. नंतर खाली आलेला हात हलतोय. आणि नाकापुढची मूठ? दगड. जरासुद्धा हलत नाही. ज्याला खोटं वाटतं त्याने माझ्या घरी यावं, मी दाखवतो. कोणी येत नाही.

मीटिंग झाली त्याच रात्री मी त्याच्या घरी जाऊन भांडलो.

"का नाही मारलंस रे? एवढी पोरं शिकवलीस, एक ठोसा देता आला नाही तुला? मी असतो तर दात हातात दिले असते त्याच्या!"

"तुझा नेम चुकला असता, गणप्या. नलावड्यांना बसला असता."

"चेष्टा नको. का थांबलास?"

वामनने आत नजर टाकली. शालनवहिनी आतून बघत होती. मग म्हणाला, "मी नाही थांबलो."

"म्हणजे?"

"मी मारणारच होतो. आईशप्पथ सांगतो. नाक फोडायचं म्हणूनच मूठ सोडली. मनातून मारलं होतं मी त्याला. पण हात थांबला. माझं ऐकलंच नाही." त्याने तो थरथरता हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं, परक्या माणसाकडे बघावं तसं. "सगळं आयुष्य त्याला शिकवलं, थांब, थांब. आता मी सांगितलं तरी ऐकत नाही." आणि हसला. "म्हणजे शिकला म्हणायचं."

मला हसू आलं नाही. अजून येत नाही. इतकं शिकून त्याला काय मिळालं? नाकही गेलं, नावही गेलं.

हॉल मिलिंदला मिळाला. आईबापांनी पोरं काढून घेतली. चार-पाच उरली, प्रज्ञा धरून. वामन त्यांना घेऊन पार्किंगमध्ये गेला, दोन गाड्यांच्या मधल्या जागेत. तिथे पिवळी पट्टी आहे, गाडी कुठे लावायची त्याची. वामन त्या पिवळ्या पट्टीशी वाकायचा. मग फडकं. पार्किंगची फरशी, ऑइलचे डाग, ती पुसायची! तिकडे हॉलमध्ये शिट्ट्या वाजतायत, गाणी लागलीयत, आणि इकडे हा चार पोरांसमोर हात पाठीमागे बांधून नाक पुढे करून उभा. "परत."

मग नोटीस लागली, पार्किंगमध्ये खेळण्यास मनाई. प्रज्ञाने ती फाडली. पुन्हा लागली.

हाताचं दुखणं पायात उतरलं तेव्हा त्याची मुलगी अंबरनाथहून न्यायला आली. तिकडेच तो काही महिन्यांनी गेला. प्रज्ञा आता विहारातल्या खोलीत क्लास घेते. ह्या चषकाचं तिला आमंत्रण आहे. मिलिंद स्वतः द्यायला गेला होता. तिने पत्रिका घेतली नाही. म्हणाली, "दादा, सरांचं नाक आधी जागेवर आणा, मग बघू." हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, कोणीतरी आहे.

अंबरनाथला जायच्या दिवशी रिक्षा गेटवर उभी होती, मुलगी आणि शालनवहिनी सामान ठेवत होत्या. वामन दिसेना. मला माहीत होतं कुठे असेल. पार्किंगमध्ये गेलो, तर पिवळ्या पट्टीशी उभा. वाकून झालं होतं बहुतेक. शर्टाचं वरचं बटण लागत नव्हतं, हात उडत होता. मी लावायला गेलो तर म्हणाला, "राहू दे. तू इथे उभा राहा."

"कशाला?"

"इतकी वर्षं शेजारी राहिलास. एकदा तरी उभा राहा."

तो मला आयुष्यभर म्हणत आला होता आणि मी आयुष्यभर नाही म्हणत आलो होतो. मी काय त्याचा विद्यार्थी आहे? पण बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, वाद घालायला वेळ नव्हता. उभा राहिलो.

"डोळे उघडे ठेव. हलू नको."

तो हात कमरेशी नेतानाही थरथरत होता. मला वाटलं, आज आपलंही नाक वाकडं होणार, होऊ दे. मग मूठ आली. वारा लागला. माझ्या नाकापुढे बोटभर अंतरावर ती थांबली, आणि मी ती इतक्या जवळून बघितली की बोटांवरचे जुने व्रण दिसले. हलत नव्हती. जरासुद्धा नाही. व्हिडिओ काढायला तिथे कोणी नव्हतं.

"लवली," वामन म्हणाला. "परत."

लवली नव्हती. तरी मी पुन्हा उभा राहिलो.